तरुणांमधील आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि स्वतःला इजा करून घेणे : प्रमाण किती आणि आकडे काय सांगतात?

विहारातली बैठक संपून सतरंज्या गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी आम्हाला बाजूला घेते. कधी वडील असतात, कधी मोठा भाऊ, कधी वसतिगृहाच्या गृहपाल. प्रश्न दबक्या आवाजात येतो : "हे हल्ली फार वाढलंय का हो? की आमच्याच घरात असं निघालं?" मुलीने स्वतःला इजा करून घेतल्याचे आईच्या लक्षात आलेले असते, किंवा मुलाच्या मोबाईलमधला एखादा मेसेज कुणीतरी वाचलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर आम्ही दर वेळी तोंडी देतो आणि दर वेळी ते अर्धवट राहते. म्हणून जे आकडे खात्रीने सांगता येतात ते येथे एकत्र मांडत आहोत. थोडक्यात उत्तर असे, की तुमच्याच घरात असे नाही.

वाचता वाचता कुणाला स्वतःबद्दल किंवा जवळच्या माणसाबद्दल काळजी वाटली, तर लेख तिथेच थांबवून १४४१६ हा क्रमांक लावावा. केंद्र सरकारची ही 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

आधी शब्द नीट लावून घेऊ

बोलताना आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो. "मरावंसं वाटतं" असा विचार मनात येणे ही एक गोष्ट. त्याची आखणी करणे ही दुसरी. प्रत्यक्ष प्रयत्न करणे ही तिसरी. चौथी गोष्ट आपल्याकडे फारशी ओळखली जात नाही : मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला इजा करून घेणे. असह्य झालेली भावना काही क्षण तरी आटोक्यात यावी, आतून बधिर वाटत असेल तर काहीतरी जाणवावे, किंवा स्वतःचाच राग आला म्हणून माणसे हे करतात. ही इजा करून घेणारा प्रत्येक जण जीव द्यायला निघालेला नसतो. पण ती दुर्लक्ष करण्यासारखीही बाब नसते, हे पुढच्या आकड्यांवरून दिसेल.

हा फरक माहीत नसला की घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एकतर सगळे घर हादरते, मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते. नाहीतर "नाटकं आहेत" म्हणून विषय संपवला जातो. दोन्हींमुळे पुढच्या वेळी ती काही सांगत नाही.

पोलिसांच्या नोंदीतले मृत्यू

देशात आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंची वार्षिक आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी १,७०,९२४ मृत्यू नोंदले गेले. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १२.४ होते. २०१७ मध्ये ते ९.९ होते. म्हणजे "वाढलंय का" या प्रश्नाला नोंदींच्या पातळीवर उत्तर 'हो' असे आहे. काही वाढ चांगल्या नोंदणीमुळेही झालेली असू शकते, पण कोविडच्या वर्षांपासून २०२२ पर्यंतची चढण सलग होती. राज्यांमध्ये सर्वाधिक मृत्यू महाराष्ट्रात नोंदले गेले : २२,७४६.

वयाप्रमाणे पाहिले तर १८ ते ३० या गटाचा वाटा सर्वांत मोठा. एकूण मृत्यूंपैकी साधारण ३५ टक्के, म्हणजे जवळपास ५९ हजार तरुण एका वर्षात गेले. त्याच वर्षी विद्यार्थी म्हणून नोंद झालेले मृत्यू १३,०४४ होते, आणि त्यात शाळकरी मुलेही आली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वर्तमानपत्रात आयआयटी आणि कोटा येतात, आणि ते यायलाच हवेत. पण या वयात जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण कोणत्याही वर्गात बसलेले नव्हते. ते नाक्यावर कामाची वाट पाहणारे, कंपनीत कंत्राटी असणारे, लग्न होऊन सासरी गेलेल्या, शिक्षण सुटून घरी बसलेले होते. सर्व वयोगट मिळून २०२२ मध्ये रोजंदारी मजुरांचा वाटा २६.४ टक्के होता. स्त्रियांच्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक जणींची नोंद 'गृहिणी' अशी आहे. आमच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला भेटणारे चेहरे याच रकान्यांतले असतात. त्यांच्यासाठी कोणी टास्क फोर्स नेमत नाही.

हे आकडेही पूर्ण नाहीत. २०१० मध्ये एनसीआरबीने १,३४,५९९ मृत्यू नोंदले. त्याच वर्षासाठी घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे तपासणाऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासाने अंदाज काढला तो सुमारे १,८७,००० चा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातली आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वयाबद्दलची आहे : पंधरा वर्षांवरील स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ५६ टक्के आणि पुरुषांच्या ४० टक्के या १५ ते २९ या वयातल्या होत्या. घरच्यांनी 'पाय घसरला', 'चुकून औषध घेतलं' असे सांगितलेले मृत्यू पोलिसांच्या तक्त्यात अपघात म्हणून जातात. तरुण विवाहितेच्या बाबतीत हे जास्त घडते, कारण तिथे सासर आणि माहेर दोघांनाही काहीतरी लपवायचे असते.

अहवालातला 'कारण' हा रकाना तर आम्ही फार जपून वाचतो. २०२२ मध्ये ३१.७ टक्के मृत्यूंपुढे 'कौटुंबिक समस्या' आणि १८.४ टक्क्यांपुढे 'आजार' असे लिहिले आहे. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला एकच कारण लिहायचे असते. कर्ज, दारू, मारहाण, सुटलेली नोकरी, न जमलेले लग्न हे सगळे 'कौटुंबिक समस्या' या दोन शब्दांत मावते. मग बातमी येते : 'क्षुल्लक कारणावरून तरुणाचे टोकाचे पाऊल'. आम्ही ज्या ज्या कुटुंबाशी नंतर बोललो आहोत, तिथे कारण एक नव्हते आणि क्षुल्लक तर नव्हतेच.

नोंदीत न येणारा मोठा भाग

मृत्यू हा या प्रश्नाचा सर्वांत लहान आणि सर्वांत दिसणारा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आत्महत्येने होणाऱ्या प्रत्येक मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न झालेले असतात. विचार आणि इजा करून घेणे तर त्याहून कितीतरी सर्रास असते. ते पोलिसांकडे जात नाही, दवाखान्यातही क्वचितच जाते. ते कळते फक्त विचारल्यावर.

कॉलेजमधल्या तरुणांना असे विचारणारे अभ्यास अनेक देशांत झाले. त्यातले छत्तीस नमुने, म्हणजे सहा लाखांहून अधिक विद्यार्थी, एकत्र करून २०१८ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा विचार आल्याचे २२.३ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. आखणी केल्याचे ६.१ टक्क्यांनी आणि प्रयत्न केल्याचे ३.२ टक्क्यांनी. फक्त गेल्या वर्षभराचे विचारले तेव्हा विचार आलेले १०.६ टक्के आणि प्रयत्न केलेले १.२ टक्के होते. मरण्याच्या हेतूशिवाय स्वतःला इजा करून घेण्याबद्दल २०१४ चे असेच एक विश्लेषण आहे. त्यात किशोरवयात १७.२ टक्के, तरुण प्रौढांमध्ये १३.४ टक्के आणि त्यापुढच्या प्रौढांमध्ये ५.५ टक्के असे आयुष्यभराचे प्रमाण आढळले.

शंभर खाटांचे एखादे वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. वरचे प्रमाण तिथे लागू धरले तर बावीस जणांच्या मनात हा विचार कधी ना कधी येऊन गेला आहे, दहा-अकरा जणांच्या मनात याच वर्षात. तेरा जणांनी कधीतरी स्वतःला इजा करून घेतली आहे. तिघांनी प्रयत्न केला आहे. मेसमध्ये हे सगळे एकाच रांगेत ताट घेऊन उभे असतात आणि प्रत्येकाला वाटते की असा मी एकटाच. या अभ्यासांतले बहुतेक नमुने श्रीमंत देशांतले आहेत, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. आपल्या वसतिगृहांत आकडा थोडा वेगळा असेल. शून्य नक्कीच नसेल.

आपल्या जवळचा एक अभ्यास गोव्याचा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत गोव्यातील शहरी व ग्रामीण भागांतल्या १६ ते २४ वयाच्या ३,६६२ तरुण-तरुणींशी बोलले गेले. त्यातल्या ३.९ टक्क्यांनी, म्हणजे १४४ जणांनी, नुसत्या मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येसंबंधी विचार किंवा वर्तन झाल्याचे सांगितले. मुलांपेक्षा मुलींमध्ये प्रमाण जास्त होते आणि ग्रामीण मुलींमध्ये सर्वांत जास्त. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार आणि मानसिक ताण यांचा त्याच्याशी ठळक संबंध दिसला. शिक्षण सुटलेल्यांमध्येही धोका अधिक होता. "पोरगी हट्टी झालीय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत आम्ही आता पहिला प्रश्न मारहाणीचा विचारतो, तो यामुळेच.

कसे विचारले यावरही उत्तर बदलते. इंग्लंडमधल्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत १६ ते २४ वयाच्या मुलींना समोरासमोर विचारले तेव्हा पाचपैकी एकीने स्वतःला इजा केल्याचे सांगितले. तोच प्रश्न त्यांना संगणकावर एकट्याने भरायला दिला तेव्हा चारपैकी एकीने. मधला जो फरक आहे, त्या मुली आपल्यासमोर बसून "काही नाही, ठीक आहे" म्हणणाऱ्या. सासू, आत्या आणि शेजारीण यांच्यासमोर आशाताईने विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर मिळत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

स्त्री आणि पुरुष यांच्यातला उलटा हिशेब इथे सांगायला हवा. विचार, इजा आणि प्रयत्न यांचे प्रमाण तरुणींमध्ये जास्त आढळते. मृत्यू पुरुषांचे जास्त. २०२२ मध्ये दर शंभर मृत्यूंत सुमारे ७२ पुरुष होते. मुलगे विचारायला येत नाहीत, आले तर डोकेदुखी, झोप, ॲसिडिटी सांगतात. तरीही जगाशी तुलना केली तर भारतीय स्त्रीची स्थिती वेगळीच दिसते : २०१६ मध्ये जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या.

"नाटकं करते" याचा हिशेब

रुग्णालयात स्वतःला इजा करून आलेल्या व्यक्तींचे पुढे काय होते, यावर जगभरातल्या अभ्यासांचे एक संकलन २०१४ मध्ये झाले. एका वर्षाच्या आत १६.३ टक्के जणांनी पुन्हा इजा करून घेतली, आणि १.६ टक्के आत्महत्येने गेले. पाच वर्षांत हे दुसरे प्रमाण ३.९ टक्के झाले.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. शंभरातले शहाण्णव जण पाच वर्षांत आत्महत्येने गेले नव्हते, म्हणजे एकदा असे घडले की सगळे संपले, हे खरे नाही. दुसरीकडे, सर्वसाधारण लोकसंख्येत लाखाला बारा असणारे वार्षिक प्रमाण इथे लाखाला सोळाशेच्या घरात जाते. एवढा मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही एका खुणेत क्वचितच सापडतो. त्यामुळे ज्या मुलाने एकदा 'धमकी दिली' त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे, हा घराघरांत चालणारा सल्ला नेमका उलटा आहे.

प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही भीती आम्हाला शिक्षकांकडूनही ऐकायला मिळते. यावर झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. विचारल्यावर काहींचा ताण कमी झालेला दिसतो. "जगणं नको असं वाटतं का? मरायचा विचार येतो का?" असे सरळ, शांतपणे, एकट्यात विचारावे. उत्तर 'हो' आले तर भाषण देऊ नये. "आईबापाचा विचार कर", "बाबासाहेबांनी किती सोसलं" ही वाक्ये आपल्या समाजात हमखास येतात. ती प्रेमापोटी येतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण समोरच्याला त्यातून एवढेच ऐकू येते की मी नालायक आहे. आधी ऐकून घ्यावे. धोका जवळचा वाटला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि घरात जे घातक असेल ते दूर कुलपात ठेवावे.

लपवण्यामागची भीती : पोलीस आणि सोयरीक

मागे एका तालुक्याच्या ठिकाणी वीस-एकवीस वर्षांच्या एका मुलाला रुग्णालयात आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा खाट रिकामी होती. घरच्यांनी 'आमच्या जबाबदारीवर नेत आहोत' अशी सही करून त्याला नेले होते. अपघात विभागात कुणीतरी सांगितले होते, "केस होईल, पोरगा आत जाईल." समुपदेशन तर सोडाच, त्या मुलाशी कुणी पाच मिनिटे नीट बोललेही नव्हते.

ही भीती आता कायद्याने निराधार आहे, आणि ते घराघरांत सांगायला हवे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा होता. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने सांगितले, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरायचे आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करण्याची जबाबदारी त्याच कलमाने सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३०९ त्यात घेतलेच गेले नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये वेगळा ठेवला आहे. रुग्णालय अजूनही 'एमएलसी' नोंदवते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. ती नोंद असते, आरोप नसतो. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटण्याचा आग्रह धरावा.

दुसरी भीती सोयरिकीची. "कळलं तर स्थळ येणार नाही." यावर कायद्याचे उत्तर अपुरे आहे. मानसिक आरोग्याच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे, पण वस्तीत बातमी दवाखान्यातून फुटत नाही, ती शेजारून फुटते. इथे आम्हा कार्यकर्त्यांनाही आपली जीभ सांभाळावी लागते. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरात उदाहरण म्हणून सांगण्याची सवय आमच्यातल्या काहींना होती. ती मोडायला वेळ लागला.

जात : मोजली जाते, छापली जात नाही

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला. ही नावे आपल्या वाचकांना सांगावी लागत नाहीत. रोहितची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

समाजात यावरून एक समज पक्का झाला आहे, की आत्महत्येचे प्रमाण आपल्यातच सर्वाधिक आहे. आकडे काय म्हणतात? एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती यांचे तक्ते असतात. जातीचा तक्ता नसतो. २०१४ ची जात-धर्माची माहिती गोळा झाली होती, पण ती छापली गेली नाही. 'इंडियन एक्स्प्रेस'ने ती माहितीच्या अधिकारात मिळवली. त्यानुसार लाखामागे प्रमाण अनुसूचित जातींमध्ये ९.४ आणि आदिवासींमध्ये १०.४ होते, तर त्या वर्षीची देशाची सरासरी १०.६ होती. म्हणजे सरसकट 'आपल्यातच जास्त' असे या एका वर्षाच्या नोंदीवरून म्हणता येत नाही. पोलिसांनी भरलेल्या रकान्यावर किती विसंबायचे हा प्रश्न आहेच. पण चुकीचा दावा केला की खरा मुद्दाही खोडून काढणे सोपे जाते, हे आम्ही चर्चासत्रांत पाहिले आहे.

उच्च शिक्षणसंस्थांच्या आत गेले की चित्र बदलते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय अनुदानित संस्थांमध्ये १२२ विद्यार्थी आत्महत्येने गेले. त्यांपैकी २४ अनुसूचित जातींचे, ३ अनुसूचित जमातींचे आणि ४१ इतर मागासवर्गीय होते. २४ म्हणजे जवळपास वीस टक्के. या संस्थांतले अनुसूचित जातींचे आरक्षण पंधरा टक्के. संख्या लहान असल्याने टक्केवारीवर फार भार टाकू नये, पण एम्समधील भेदभावाबद्दल सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच जे लिहून ठेवले होते, ते वाचलेल्या कुणालाही हा आकडा धक्का देणार नाही. वसतिगृहात वेगळे पडणे, गुणवत्तेवर टोमणे, शिक्षकांचा दुरावा हे सगळे त्यात आहे.

२४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने आणखी एका प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे, आणि त्यात कोचिंग क्लासही येतात. आपले मूल ज्या क्लासला पैसे भरून बसते, तिथे हा समुपदेशक कोण आहे, हे विचारायला पालकांना हरकत नाही. आम्ही विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी कार्यालयातल्या एखाद्या मॅडमकडे बोट दाखवले जाते.

आपल्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट आम्हाला दिसते, जिचा रकाना कुठेच नाही. घराण्यातला पहिला पदवीधर असतो. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात चौथे-पाचवे वर्ष चालू असते, अभ्यासिकेची फी थकलेली, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला, आणि गावात त्याच्या नावाचा फलक तयार करून ठेवायचा तेवढा बाकी असतो. दर सुट्टीत 'साहेब कधी होणार' हा प्रश्न. असा मुलगा गावी यायचे टाळू लागला, फोन उचलेनासा झाला, तर तो अभ्यासात बुडाला आहे असे आपण समजतो.

काय उपयोगी पडते

श्रीलंकेचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. बहुसंख्य बौद्ध असलेल्या या देशात १९९५ च्या सुमारास आत्महत्येचे प्रमाण लाखाला ४७ पर्यंत, म्हणजे जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक, होते. २००५ पर्यंत ते २४ वर आले. या दहा वर्षांत श्रीलंकेतली माणसे अधिक धार्मिक झाली नव्हती, त्यांची दुःखेही संपली नव्हती; त्या काळात तर यादवी चालू होती. अतिविषारी शेतीऔषधांवर सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी आणली होती. स्वतःला इजा करून रुग्णालयात येणारे कमी झाले नाहीत, पण आलेले वाचू लागले. टोकाची ती वेळ अनेकदा थोड्या काळाची असते, आणि ती टळली की पुढे बहुसंख्य माणसे जगतात, हे त्या बेटाने आकड्यांनिशी दाखवले. "आपल्या धम्मात हे बसत नाही" असे म्हणून विषय संपवणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. शेती असलेल्या आपल्या घरांत औषधाचे डबे कुठे असतात, हेही आजच पाहावे.

दुसरा अभ्यास आमच्या रोजच्या कामाचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपल्याकडचे चेन्नई, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर तो केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज घरी सोडताना तासभर समजावून सांगितले गेले आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा भेटून 'कसे आहात' एवढी विचारपूस केली गेली. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातले २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के.

या कामाला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. विचारपूस करणाऱ्याला थोडे प्रशिक्षण आणि तोंड बंद ठेवण्याची शिस्त लागते. औषधोपचाराची गरज असेल तिथे डॉक्टर हवेतच. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचे नाव ऐकून लोक घाबरतात, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभागात हे उपचार मिळतात. आमच्या गटात सध्या विहारातले दोन उपासक, एक निवृत्त परिचारिका आणि कॉलेजच्या दोन मुली हे फोन करतात. सुरुवातीला मुलाचे वडील फोन घेऊन "आता बरा आहे, परत करू नका" म्हणतात. तेव्हा आम्ही वडिलांशीच बोलतो. त्यांची झोप उडालेली असते. चौथ्या-पाचव्या फोनला बहुतेक वेळा मुलगा स्वतः घेतो.

त्या अभ्यासातले वेळापत्रक आम्ही जसेच्या तसे वापरतो. वहीच्या पानावर घरी सोडल्याची तारीख लिहायची आणि खाली नऊ तारखा मांडायच्या : पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा; मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना.